कॉर्डलेस ड्रिल टिकेल की नाही, हे हातात घेऊन कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात मॉड्युलर किचन आणि वॉर्डरोब बसवण्याचं काम नुकतंच सुरू केलेल्या एका तरुणासमोर दोन कॉर्डलेस ड्रिल आहेत. एक ऑनलाइन मिळणारा ‘४८ व्होल्ट’चा संच: दोन बॅटऱ्या, प्लॅस्टिकची पेटी, ढीगभर बिटं (पुढे लावायची भोक पाडायची आणि स्क्रू आवळायची टोकं). दुसरं शाहूपुरीतल्या दुकानातलं, नावाजलेल्या कंपनीचं १२ व्होल्टचं ब्रशलेस मशीन, किंमत जवळपास दुप्पट. कागदावर पहिलं चौपट ताकदीचं दिसतं, तरी दुकानदार दुसरं घ्या म्हणतो. तो खरं सांगतोय का? आणि मशीनची बनावट आणि टिकाऊपणा स्वतः कसा तपासायचा?

मी उद्यमनगरात बरीच वर्षं पॉवर टूल दुरुस्त करतो. त्यामुळे नवं मशीन पेटीत कसं दिसतं यापेक्षा ते उघडल्यावर आत काय जळालेलं, काय झिजलेलं सापडतं, ते मला जास्त ठाऊक आहे. उत्तर आधीच देतो: दुसरं घ्या. पण कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं मशीन घेताना कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

गाळ्यावर येणाऱ्या मशीनांत साध्या कामानं झिजून बंद पडलेली फार थोडी असतात. बहुतेक अडकून आणि तापून गेलेली असतात. बिट प्लायच्या गाठीत किंवा लोखंडी पट्टीच्या शेवटच्या पापुद्र्यात अडकलं, मोटर थांबली, तरी बोट ट्रिगरवर तसंच राहिलं. थांबलेल्या मोटरीतून फिरत्या मोटरीच्या कित्येक पट करंट जातो, आणि फिरण्यात काही खर्च होत नसल्यानं त्या सगळ्याची उष्णता होते. काही सेकंदांत वाइंडिंगचं, म्हणजे मोटरीतल्या तारेच्या वेटोळ्यांचं, वार्निश काळं पडतं, स्विचचे पॉइंट चिकटतात, नाहीतर बॅटरीतला सर्वांत कमकुवत सेल बसतो. म्हणून मी कोणतंही ड्रिल जोखताना एकच गोष्ट शोधतो: जोर आवाक्याबाहेर गेला की हे मशीन स्वतःला थांबवतं का, आणि कुठे थांबवतं? चांगल्या बनावटीच्या मशीनमध्ये अशा तीन-चार जागा ठरवून ठेवलेल्या असतात. वाईट मशीनमध्ये जो भाग आधी जळेल, तिथेच ते थांबतं.

सुरुवात बॅटरीपासून करा, कारण फसवणूक सर्वांत जास्त तिथेच होते. लिथियम-आयन सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. पाच सेल ओळीनं जोडले की १८ व्होल्ट होतात, पूर्ण चार्जला २१. बाजारात ‘१८ व्होल्ट’, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘२१ व्होल्ट’ अशी तीन नावं दिसतात, ती तिन्ही याच पाच सेलच्या बॅटरीची आहेत. १२ व्होल्टच्या मशीनमध्ये तीन सेल असतात, म्हणजे खरे १०.८ आणि भरल्यावर जेमतेम साडेबारा. आता ४८ व्होल्टचा हिशेब करा. त्यासाठी तेरा सेल ओळीनं लागतील. नेहमी वापरात असणारा १८६५० सेल, म्हणजे १८ मिलीमीटर व्यासाचा आणि ६५ मिलीमीटर लांबीचा, साधारण ४५ ग्रॅमचा असतो. तेरा सेलचेच पावणेसहाशे ग्रॅमच्या पुढे होतात, वर खोकं, पट्ट्या आणि सर्किट वेगळं. तुमच्या त्या संचातली बॅटरी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून बघा. तीनशे-साडेतीनशे ग्रॅम भरली तर आत पाचच सेल आहेत आणि ‘४८’ हा नुसता छापलेला आकडा आहे. मल्टिमीटर असेल तर काटाही नको. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीच्या अधिक-उणे पट्ट्यांवर मोजा, आत पाचच सेल असतील तर एकविसाच्या आसपास आकडा येईल.

अँपिअर-अवरचंही, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्या आकड्याचंही, वजनावरूनच कळतं. पाच सेलच्या बॅटरीवर २ लिहिलं असेल तर पटण्यासारखं आहे. ४ किंवा ५ लिहिलं असेल तर एकतर आत दहा सेल असायला हवेत, म्हणजे वजन सहाशे ग्रॅमच्या घरात, नाहीतर नव्या पद्धतीचे जाड २१७०० सेल. बॅटरी लहान, हलकी आणि लेबलवर मोठा आकडा, असा मेळ कुठेच बसत नाही.

व्होल्टपेक्षाही मी दुसऱ्या एका गोष्टीकडे आधी बघतो. बॅटरी काढा आणि तिचे संपर्क मोजा. चांगल्या बॅटरीवर अधिक-उणेच्या दोन जाड पट्ट्यांशिवाय एक-दोन बारीक पट्ट्या असतात. त्यांतली एक आतल्या तापमान सेन्सरची. चार्जर आणि मशीन तिच्यावरून बॅटरीचं तापमान वाचतात आणि ती फार तापली की काम बंद करतात. ज्या बॅटरीला दोनच पट्ट्या आहेत आणि चार्जर म्हणून मोबाइलसारखा गोल पिनचा अ‍ॅडॉप्टर दिलाय, तिथे चार्जरला आतल्या तापमानाचा पत्ताच नसतो. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात सावलीतच ३८-४० अंश होतात. दुपारभर काम केलेली बॅटरी काढून लगेच चार्जरला लावली, तर ती मर्यादेच्या वरच असते. चांगला चार्जर अशा वेळी दिवा वेगळा लुकलुकवून थांबतो आणि बॅटरी निवल्यावर सुरू होतो. काही जण चार्जर बिघडलाय म्हणून तो माझ्याकडे घेऊन येतात. तो बिघडलेला नसतो, तो बॅटरी वाचवत असतो.

दुसरी मर्यादा खालची. सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला की त्याचं आतून कायमचं नुकसान सुरू होतं. चांगली बॅटरी काम करता करता एकदम बंद पडते, हळूहळू मरगळत नाही. हा दोष नव्हे, सर्किटनं वेळेत पुरवठा तोडला. स्वस्त मशीन मात्र शेवटच्या थेंबापर्यंत चालत राहतं, वेग कमी कमी होत जातो आणि ‘अजून एक स्क्रू’ म्हणता म्हणता सेल मरतो. शिवाय रिकामी बॅटरी पावसाळ्यात दोन महिने पेटीत पडून राहिली की तशीच खाली बसते. काम नसेल तेव्हा बॅटरी अर्धी-पाऊण भरून, मशीनमधून काढून ठेवा.

जुन्या निकेल-कॅडमियमच्या काळातल्या सवयी अजून टिकून आहेत, म्हणून एवढंच सांगतो. पहिलं कॉर्डलेस ड्रिल ब्लॅक अँड डेकरनं १९६१ मध्ये आणलं, ते निकेल-कॅडमियमवर. त्या सेलचा व्होल्टेज १.२, म्हणजे १८ व्होल्टला पंधरा सेल लागत, आणि ते पूर्ण उतरवूनच चार्ज करावेत असं सांगितलं जाई. लिथियमला हे लागू नाही. ‘पूर्ण उतरव, मग लाव’ असं जुने मेस्त्री सांगतात ते या बॅटरीला घातक आहे.

आणखी एक, कारण आपल्याकडे हे होतंच. बॅटरी गेली की ‘सेल बदलून मिळतील’ म्हणून सांगणारे बरेच आहेत. मिळतात, पण कोणते, हे विचारा. लॅपटॉपमधून काढलेले सेल दिसायला अगदी तसेच असतात, पण ड्रिलला एका झटक्यात लागणारा करंट द्यायला ते बनवलेलेच नसतात. ड्रिलच्या सेलवर सलग पंधरा-वीस अँपिअर देण्याची क्षमता हवी. जोडणी स्पॉट वेल्डिंगनं आणि निकेलच्या पट्टीनं झाली पाहिजे. सेलच्या टोकावर थेट सोल्डरिंग करणारा माणूस सेलचं आयुष्य तिथेच निम्मं करतो.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पाण्यात गेलेली मशीनं खूप आली. मोटर, गिअरबॉक्स, चक (बिट पकडणारा पुढचा भाग) हे धुऊन, वाळवून, ग्रीस बदलून पुन्हा चालू करता येतात, आणि त्यांतली अनेक चालू झालीही. बुडालेली लिथियम बॅटरी मात्र वाळवून पुन्हा लावू नका. वरून कोरडी दिसते, आत गाळ आणि गंज काम करत राहतो, आणि चार्जिंगला लावल्यावर रात्री पेट घेऊ शकते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर इशाऱ्याला पोचली की नदीकाठच्या भागातल्या कारागिरांनी आधी बॅटऱ्या वरच्या मजल्यावर न्याव्यात.

आता मोटर. ब्रश असलेल्या मोटरीत कार्बनचा ब्रश कॉम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्यावर, घासतो, झिजतो, बदलता येतो. ब्रशलेसमध्ये घासणारं काही नाही, तारेची वेटोळी बाहेरच्या स्थिर भागावर असतात, त्यामुळे उष्णता बाहेर पटकन जाते, आणि त्याच बॅटरीवर काम जास्त निघतं. तिला चालवायला इलेक्ट्रॉनिक सर्किट लागतंच, त्यामुळे करंट मर्यादेबाहेर गेला की तोडण्याची सोय त्यातच करता येते. बिट अडकलं की चांगलं ब्रशलेस मशीन हुंकार न देता गप्प होतं. ट्रिगर सोडून पुन्हा दाबलं की चालू. मला हीच बनावट आवडते. पण दुसरी बाजूही सांगतो. सर्किट गेलं तर ते बहुधा स्विचसकट अख्खं बदलावं लागतं आणि खर्च बराच येतो. ब्रशच्या मशीनचे कार्बन थोड्या पैशांत मिळतात, बाहेरून झाकण असेल तर तुम्ही स्वतः पाच मिनिटांत बदलाल. म्हणून ब्रशलेस घ्यायचं ते कंपनीचंच, ज्याचं सर्किट दोन वर्षांनीही मिळेल. बिननावाच्या ब्रशलेसपेक्षा नावाजलेल्या कंपनीचं ब्रशचं मशीन मी केव्हाही पसंत करेन.

कोल्हापूरच्या मशीनांना एक रोग खास आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्री आणि मशिनशॉपमध्ये वापरलेली ड्रिल उघडली की मोटरीच्या चुंबकाभोवती बिडाची काळी भुकटी दाढीसारखी चिकटलेली असते. ब्रश असो वा ब्रशलेस, दोन्हीत कायमचे चुंबक असतात आणि हवा घेण्याच्या फटींतून बारीक लोखंड आत ओढलं जातं. ते वाइंडिंग घासतं, शॉर्ट करतं. तुम्ही लाकडात काम करता, तरी फॅब्रिकेशनवाल्याच्या टेबलावर ड्रिल आडवं ठेवू नका. मशीन निवडताना हवेच्या फटी कुठे आहेत ते बघा. मुठीत धरल्यावर बोटांनी झाकल्या जात असतील, किंवा गरम हवा थेट हातावर येत असेल, तर बनवणाऱ्यानं ते मशीन कधी तासभर चालवून पाहिलेलं नाही. साफ करताना बॅटरी काढून कमी दाबाची हवा मारा. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब दिला तर भुगा बाहेर येण्याऐवजी बेअरिंगमध्ये घुसतो.

गिअरबॉक्स आणि क्लच हा या यंत्राचा सर्वांत सुंदर भाग आहे, आणि दुकानात त्याकडे कुणी बघत नाही. आत ग्रहमालेसारखे गिअर असतात, दोन किंवा तीन टप्प्यांत. मोटर मिनिटाला हजारो फेरे मारते, ते खाली येऊन पहिल्या गिअरला चारशेच्या आसपास आणि दुसऱ्याला पंधराशेच्या आसपास उरतात. त्याच प्रमाणात जोर वाढतो. लोक विचारतात, ‘मेस्त्री, ह्यात गिअर लोखंडाचं हाय का प्लॅस्टिकचं?’ प्रश्न बरोबर, पण अर्धाच. मोटरीलगतच्या पहिल्या टप्प्यात वेग जास्त आणि जोर कमी असतो. तिथे आवाज कमी व्हावा म्हणून चांगल्या कंपन्यासुद्धा कधी कधी नायलॉनचे गिअर घालतात आणि ते टिकतात. चकजवळच्या शेवटच्या टप्प्यात जोर सर्वाधिक. तिथले गिअर आणि त्यांच्याभोवतीचं दातेरी कडं धातूचंच हवं. दुकानात मशीन उघडता येत नाही, तेव्हा पुढच्या भागाकडे बघा: गिअरबॉक्सचं कवच धातूचं आहे की चकच्या मागेही सगळं प्लॅस्टिकच आहे? धातूचं कवच वजन थोडं वाढवतं, पण गिअर एका रेषेत ठेवतं आणि उष्णता बाहेर टाकतं.

वेग बदलायचं बटण मशीन थांबलेलं असतानाच सरकवा. चालू मशीनमध्ये सरकवलं की दात दातावर आदळून टोकं गोल होतात, मग भार आला की गिअर आपोआप निसटू लागतो. ही तक्रार घेऊन येणारं मशीन मी न उघडताच ओळखतो.

क्लच म्हणजे त्या आकड्यांच्या कड्यामागची स्प्रिंग आणि गोळ्या. ठरवलेला जोर झाला की गोळ्या खाचेतून निसटतात, टरटर आवाज येतो आणि स्क्रू पुढे जात नाही. मशीननं स्वतःला आणि तुमच्या लॅमिनेटला वाचवायची ही पहिली जागा. याची परीक्षा दुकानातच करा. सोबत प्लायचा तुकडा आणि ८ बाय ३० चे थोडे स्क्रू न्या. ३, ६, ९ वर एकेक स्क्रू मारा. प्रत्येक वेळी स्क्रू वेगळ्या खोलीला थांबायला हवा, आणि तोच आकडा पुन्हा लावला तर पुन्हा तेवढाच जायला हवा. सगळे आकडे सारखेच वागत असतील तर ते कडं शोभेचं आहे. मॉड्युलर किचनच्या कामात बिजागरांचे स्क्रू पार्टिकल बोर्डमध्ये जातात, तिथे क्लच नसेल तर आटे एका झटक्यात खराब होतात आणि नवं दार हलायला लागतं.

काही दुकानांत मशीनची ताकद दाखवायला चक हातात धरून ट्रिगर दाबतात. तसं करू नका आणि कुणाला करू देऊ नका. मनगट पिरगळतं आणि मशीनबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तशीच दुसरी सवय म्हणजे चक हातात धरून मशीन फिरवत बिट आवळणं. त्यानं चकचे जबडे आणि गिअर दोन्ही झिजतात.

चक तपासायला सरळ, नवं बिट लावा आणि सावकाश फिरवून टोकाकडे बघा. टोक गोल फिरताना दिसलं तर बिट बदलून पुन्हा बघा, कारण कधी बिटच वाकडं असतं. दोन्ही बिटं डगमगत असतील तर दोष चकचा किंवा स्पिंडलचा. उद्यमनगरात कुणाकडे डायल गेज (बारीक डगमग मोजणारं घड्याळासारखं माप) असेल तर जबड्यापासून थोड्या अंतरावर लावून बघा. पाव मिलीमीटरच्या आत असेल तर लाकूडकामाला मी समाधानी असतो. मग मशीन बंद ठेवून चक बोटांनी वर-खाली ढकला. हलका, स्प्रिंगसारखा प्ले चालतो, ‘टक टक’ असा धातूचा आवाज आला तर पुढे बेअरिंगऐवजी बुश (साधी धातूची नळी) आहे किंवा ते ढिलं बसलंय. चकची बाहेरची मूठ धातूची असली तर उत्तम. आणि चक बदलता येतो का हे विचारा. त्याच्या आत तळाशी उलट्या आट्यांचा स्क्रू असतो, तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवून निघतो. हे ठाऊक नसल्यानं किती जणांनी स्क्रूचं डोकं गोल करून मशीन आणलंय. १० मिलीमीटरचा चक तुमच्या कामाला पुरतो. १३ चा हवा तो मोठी होल सॉ (मोठं गोल भोक कापणारी दातेरी वाटी) आणि जाड शँकची, म्हणजे जाड दांड्याची, बिटं लागणाऱ्यांना.

न्यूटन-मीटरच्या, म्हणजे टॉर्कच्या (पिळण्याच्या जोराच्या), आकड्यांनी भारावून जाऊ नका. पेटीवर ठळक छापलेला आकडा बहुधा ‘हार्ड’ टॉर्कचा असतो, म्हणजे घट्ट सांध्यावर क्षणभर मिळणारा. लाकडात स्क्रू हळूहळू आवळताना मिळणारा ‘सॉफ्ट’ टॉर्क त्याच्या बराच खाली असतो, आणि तुम्हाला तोच लागतो. १२ व्होल्टच्या चांगल्या मशीनचा हार्ड टॉर्क तिसाच्या आसपास असतो. ८ बाय ५० चा स्क्रू, टेलिस्कोपिक चॅनेल, हँडल, बिजागर यांना तो भरपूर झाला. त्याची खरी कसोटी ३५ मिलीमीटरच्या बिटानं बिजागराच्या कपाचं भोक पाडताना लागते. पहिल्या गिअरमध्ये, धारदार बिट लावून, दाब न देता पाडलं तर १२ व्होल्टचं मशीन ते करतं. दिवसाला शंभरेक कप पाडणार असाल तर ते काम वर्कशॉपमध्ये तारेच्या मशीनवर उरका आणि साइटवर कॉर्डलेस न्या.

आणि भिंत? इथे मी ठाम आहे. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरून ठोके देतात. मिनिटाला हजारो ठोके, पण प्रत्येक अगदी बारीक, आणि जोर येतो तुमच्या खांद्यातून. विटेच्या भिंतीत रावळ प्लगची भोकं ते पाडतं. पण आरसीसीच्या कॉलममध्ये, किंवा जुन्या पेठांतल्या काळ्या दगडाच्या भिंतीत, तेच मशीन लावलं की भोक होत नाही आणि गिअरबॉक्स, बेअरिंग, चक यांना मात्र सगळा मार बसतो. किचनचे वरचे कप्पे भिंतीवरच टांगायचे असतात, तेव्हा तुम्हाला एसडीएस-प्लसचा (खाचेच्या दांड्याची बिटं खटक्यानं बसतात तो) रोटरी हॅमर लागणारच. त्यात आतला पिस्टन हवा दाबतो आणि त्या दाबानं एक ठोकळा बिटाच्या मागे ठोका देतो, तो ठोका वेगळ्याच जातीचा असतो. तारेचा साधा रोटरी हॅमर घ्या, आणि कॉर्डलेसमध्ये हॅमरसाठी जादा पैसे मोजू नका. हॅमर नसलेलं ड्रिल लांबीला कमी, वजनाला हलकं आणि जास्त टिकणारं मिळतं.

मूठ आणि तोल याबद्दल लोक म्हणतात, सवय होते. मला ते पटत नाही. मशीन बॅटरी लावून हातात घ्या, छतात स्क्रू मारताना धराल तसं डोक्याच्या वर धरा आणि एक मिनिट तसंच ठेवा. मनगट पुढे झुकत असेल तर ते पुढून जड आहे. मग टेबलावर दाब द्या: अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी चकच्या सरळ मागे, उंच यायला हवी, म्हणजे दाब बिटाच्या रेषेतून जातो. बेचकी खाली राहिली तर दाब देताना बिट वर उचकतं, भोक तिरकं होतं आणि बारीक बिटं मोडतात. १२ व्होल्टच्या काही मशीनांत बॅटरी मुठीच्या आत घुसते, त्यामुळे मूठ जाड होते. लहान हाताच्या माणसाला ती दिवसअखेर बोचते. खालून सरकवायची बॅटरी असेल तर मूठ बारीक करता येते आणि मशीन टेबलावर उभंही राहतं. ट्रिगर अगदी हळू दाबून चक रेंगाळत फिरतो का बघा. एकदम झेप घेणारा ट्रिगर स्क्रूचं डोकं खातो.

कवच काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचं असावं. कवचाच्या आत किंवा तळाशी बारीक अक्षरांत ‘पीए ६ जीएफ ३०’ असं काही कोरलेलं दिसलं तर तेच. साधं एबीएस प्लॅस्टिक उन्हात आणि पडझडीत तडकतं. शिडीवरून मशीन पडतं तेव्हा जड भागावर, म्हणजे बॅटरीवर पडतं, त्यामुळे बॅटरीची रेल आणि खटका यांवर नखानं दाब देऊन बघा. बॅटरी लावल्यावर हलता कामा नये. हलणाऱ्या बॅटरीत संपर्कावर ठिणग्या पडतात, पट्ट्या काळ्या होतात, मग मशीन मध्येच बंद पडतं आणि सगळे स्विचला दोष देतात. एलईडी, पट्ट्याचा हूक, बिटांचा संच यांकडे बघून निर्णय घेऊ नका. त्या संचातली बिटं पहिल्याच लोखंडी पट्टीत बोथट होतात.

पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन किमती विचारा: सुटी बॅटरी, स्विच, चक. तिन्ही सांगता आल्या आणि माल कोल्हापुरात किंवा आठवड्यात पुण्याहून येतो असं म्हणाला, तर ते मशीन दुरुस्त होण्यासारखं आहे. कंपनी सुट्या भागांचा आराखडा नंबरांसकट देत असेल तर आणखी चांगलं. उद्यमनगरात बेअरिंग मिळेल, बुश टर्न करून मिळेल, पण कंपनीची बॅटरी आणि सर्किट कुणी लेथवर करून देणार नाही. तुमच्या त्या ४८ व्होल्टच्या संचाची सुटी बॅटरी पुढच्या वर्षी त्याच आकाराची मिळेल का, याची खात्री विकणाराच देऊ शकत नाही. दोन बॅटऱ्या बसल्या की चालू मोटर, चालू चक असलेलं मशीन कपाटात पडून राहतं.

बॅटरीवर छापलेला उत्पादनाचा महिना आणि बीआयएसची खूण बघून घ्या. वर्ष-दीड वर्ष शोरूममध्ये रिकामी पडलेली बॅटरी नवी असूनही अर्धी म्हातारी असते. जीएसटीचं बिल घ्या, वॉरंटी ऑनलाइन नोंदवायची असेल तर दुकानातच उभं राहून नोंदवा.

मग पहिल्या आठवड्यात त्याला खऱ्या कामाला लावा. १८ मिलीमीटरच्या प्लायमध्ये ३५ चं बिट लावून एक बॅटरी संपेपर्यंत भोकं पाडा, मध्ये मध्ये हात लावून कोणता भाग तापतोय ते बघा. गिअरबॉक्स आणि बॅटरी कोमट होणं ठीक. हात ठेववत नाही इतकी मूठ तापली, वार्निशचा करपट वास आला, किंवा बॅटरी एकदम बंद न पडता शेवटी रडत रडत संपली, तर त्याच दिवशी बिल घेऊन दुकानात जा आणि बदलून मागा.